दोन ठोके म्हणजे दुसरा पर्याय

सुजाता पगारे यांच्यावर अन्याय झाला तो गेल्या पूर्वपरीक्षेच्या रविवारी, दुपारच्या पेपरात, एकतिसाव्या प्रश्नावर. आणखी नेमकं सांगते. दुसरा पर्याय वाचून झाला होता आणि तिसरा सुरू व्हायचा होता. त्या क्षणी सुजाताताई एका विहिरीत उतरत होत्या.

विहीर पेपरातल्या उताऱ्यातली. कुठल्याशा कोरड्या मुलखातली, पायऱ्यांची, खाली जावं तसा गारवा वाढत जाणारी. उतारा मी नुकताच वाचला होता आणि आता पर्याय वाचत होते. ताई हनुवटी तळहातावर टेकवून ऐकत होत्या. त्यांना जन्मापासून दिसत नाही. पेपरात जे छापलंय ते न सांडता त्यांच्या कानापर्यंत न्यायचं आणि त्या जे उत्तर देतील तो गोल काळा करायचा, एवढंच माझं काम. याला लेखनिक म्हणतात. कायद्याने मिळालेला हक्क आहे, कुणाची मेहरबानी नाही.

खोलीत आम्ही तिघीच होतो, ताई, मी आणि मागे बसलेल्या पर्यवेक्षक मॅडम. लेखनिक घेऊन बसणाऱ्या उमेदवाराला वेगळी खोली देतात, कारण मोठ्याने वाचावं लागतं. आम्हाला शाळेतला चित्रकलेचा वर्ग मिळाला होता. भिंतीभर मुलांनी रंगवलेले डोंगर, होड्या, पिवळे सूर्य. वर पंखा सावकाश फिरत होता. मे महिन्यातली दुपार. बाहेर अंगण इतकं पांढरं तापलेलं, की सगळं जग कुणीतरी खोडरबराने पुसून टाकल्यासारखं वाटत होतं. आत फक्त माझा आवाज आणि ताईंचा श्वास.

मागे खुर्ची सरकली.

"थांबा! पेन खाली ठेवा. हे काय टकटक टकटक लावलंय मघापासून?"

पर्यवेक्षक देवरे मॅडम उठून उभ्या होत्या. त्याच शाळेत त्या गणित शिकवतात.

आता ही टकटक काय होती ते सांगते. त्यासाठी आधी माझा धंदा सांगावा लागेल.

मी नाशिकमध्ये एका छोट्या संस्थेत लेखनिक तयार करते. पंचवटीत एका फुलांच्या व्यापाऱ्याने गोदामावरची खोली आम्हाला वापरायला दिली आहे. खाली झेंडूचे, शेवंतीचे क्रेट उतरतात, वर आम्ही वाचायला शिकवतो. हसू नका. आपल्याला वाचता येतं असा प्रत्येक डोळस माणसाचा गैरसमज असतो. दुसऱ्याच्या कानासाठी वाचणं निराळं. अवघड शब्द आला की लोक घाबरून आवाज पाडतात. उत्तर माहीत असलं की नकळत त्या पर्यायावर जोर देतात. कंटाळा आला की स्वल्पविराम खातात. हे सगळं झाडून काढायला महिने लागतात.

सुजाताताई एका सरकारी कार्यालयात टेलिफोन ऑपरेटर आहेत. ड्यूटी संपली की सिटी बसने पंचवटीत यायच्या. मी वाचायची, त्या ऐकायच्या. खालून फुलांचा वास जिन्याने वर यायचा आणि खोलीत बसून राहायचा. कधी कधी उतारा संपला तरी आम्ही दोघी काही वेळ बोलायचो नाही. वाचलेलं अजून खोलीत तरंगत असायचं, आणि ते खाली बसेपर्यंत थांबायचं असा आमचा न ठरवता पडलेला रिवाज होता.

एकदा मी त्यांना स्पष्टच विचारलं, "ताई, पक्की नोकरी आहे. मग हा उपद्व्याप कशाला?"

"आमच्या ऑफिसात नवा साहेब आला, की पहिल्या दिवशी त्याचा फोन मीच जोडून देते," त्या म्हणाल्या. "आवाजावरून मला कळतं, हा टिकणार की नाही. किती आले, किती गेले. मी जोडतेच आहे. एकदा तरी फोन माझ्या टेबलावर वाजायला नको का गं?"

त्या टेबलापर्यंतचा रस्ता असा आहे. केंद्र सरकारचे वरचे अधिकारी स्पर्धा परीक्षेतून निवडतात. आधी पूर्वपरीक्षा, मग मुख्य परीक्षा, मग मुलाखत. पूर्वपरीक्षेत एकाच दिवशी दोन पेपर. दुपारचा पेपर सीसॅट, म्हणजे उतारे समजणं, तर्क, थोडं गणित. त्यात फक्त पास व्हायचं असतं. पण पास झाला नाहीत तर सकाळचा पेपर कितीही सोन्यासारखा लिहिलेला असो, तो मोजतच नाहीत. सगळं चार पर्यायांचं, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात. शिवाय प्रश्नपत्रिका फक्त हिंदीत आणि इंग्रजीत. मुख्य परीक्षा मराठीत लिहिता येते, पण दारातून आत शिरायचं तर दुसऱ्यांच्या भाषेत. यावर आमचं वेगळं पत्रक आहे, म्हणून इथे आवरते.

आता अडचण बघा. लेखनिकाने भाषांतर करायचं नाही. छापलेलं तेवढंच वाचायचं. ताईंना एकाच भाषेवर खात्री वाटत नाही, म्हणून एक पर्याय आधी हिंदीत, मग इंग्रजीत. चार पर्यायांची आठ वाक्यं होतात. डोळस उमेदवार वर-खाली नजर टाकून मोकळा होतो. ऐकणाऱ्याला आठही वाक्यं ओळीने डोक्यात उभी धरायची असतात. सरावात ताई वैतागायच्या. "तुझ्या प्रत्येक 'अगला विकल्प'ने आधीचं पुसलं जातं," म्हणायच्या. "मी बोलले तरी पुसलं जातं. मध्ये शब्दच नको."

मग आम्ही शब्दच काढून टाकले. पहिल्या पर्यायाआधी मी टेबलावर बोटाने एक ठोका देते. दुसऱ्याआधी दोन. तिसऱ्याआधी तीन, चौथ्याआधी चार. ताई उत्तरही तसंच देतात. दोन ठोके म्हणजे दुसरा पर्याय. पुन्हा वाचून हवा असेल तर तळहात उताणा. मी गोल भरला की पेन टेबलावर आडवं ठेवते. तो आवाज ऐकला की त्या पुढच्या प्रश्नाला तयार. अंधारात दोन होड्या एकमेकींना दिवा दाखवत जातात ना, तसं आमचं चालायचं. पंचवटीतल्या त्या खोलीत काही संध्याकाळी पूर्ण पेपर असा सुटायचा, की उताऱ्यांपलीकडे एक शब्द बोललेला नसायचा.

हे मॅडमच्या खुर्चीतून कसं दिसलं असेल? लेखनिक टेबल वाजवते. उमेदवार टेबल वाजवते. लेखनिक गोल भरते. पुन्हा वाजवते.

"ही आमची वाचायची पद्धत आहे," मी म्हणाले.

"पद्धत? इतकी वर्षं ड्यूटी करतेय मी. असली पद्धत नाही बघितली."

"इतकी वर्षं लेखनिकवाल्या खोलीत केलीय का ड्यूटी?"

"प्रणाली," ताई हळूच म्हणाल्या. प्रणाली म्हणजे मी. सरळ बोलते, म्हणून मला बऱ्याच ठिकाणी हळूच हाक मारली जाते.

मॅडमनी दाराबाहेरच्या शिपायाला केंद्रप्रमुखांकडे पाठवलं. पेपर बंद. उत्तरपत्रिका त्यांच्या हातात. ताईंना तासाला वीस मिनिटं जादा वेळ मिळतो, तोही नियमाने. तो सगळा वेळ आता पंख्याखाली नुसता पडून वाया जात होता. ताई हनुवटीखालचा हात काढून बसल्या होत्या.

"मी अर्धी विहीर उतरले होते गं," त्या म्हणाल्या. "आता परत वरून यावं लागेल."

केंद्रप्रमुख आले. घामाने निथळलेला सदरा, हातात किल्ल्यांचा जुडगा. मॅडमनी सांगितलं. त्यांनी ऐकलं. खरं सांगायचं तर माणूस दुष्ट नव्हता, घाबरलेला होता. ड्यूटीआधीच्या मीटिंगमध्ये सर्वांना बजावलं होतं, की लेखनिकांच्या आडून कॉपी होते, कान टवकारून बसा. मॅडमनी कान टवकारले, आणि टवकारलेल्या कानाला टकटक ऐकू आली.

"हे बघा मॅडम," ते मला म्हणाले, "तुम्ही बरोबर उत्तराच्या वेळी जोरात वाजवत नाही कशावरून?"

प्रश्न रास्त होता. म्हणूनच मला जास्त राग आला.

"मग मी बरोबर उत्तराच्या वेळी घसा खाकरत नाही कशावरून? श्वास रोखत नाही कशावरून? विश्वासच नसेल तर लेखनिक ठेवताच कशाला?"

"ते धोरण मला विचारू नका. पेपर सुरू व्हायच्या आधी सांगायचं होतं तुम्ही."

"विचारलं कुणी? सकाळपासून आमचं ओळखपत्र विचारलं. पाण्याची बाटली पारदर्शक आहे का ते विचारलं. ताईंच्या काठीची मूठ फिरवून बघितली. तुम्ही दोघी वाचता कशा, हे एकानेही विचारलं नाही."

केंद्रप्रमुखांनी किल्ल्या या हातातून त्या हातात घेतल्या. "अनुचित प्रकार म्हणून रिपोर्ट करावा लागेल. जबाब लिहून द्या दोघी."

अनुचित प्रकार हे दोन शब्द साधे दिसतात. रिपोर्ट मान्य झाला तर उमेदवारी रद्द. पुढच्या परीक्षांनाही काही वर्षं बंदी येऊ शकते. आणि ताई सरकारी नोकर. कॉपीचा शिक्का घेऊन सोमवारी त्या टेलिफोनच्या खोलीत कशा शिरणार? स्वप्न राहिलं बाजूला, हातातली भाकरी जाण्याची वेळ.

मी पुन्हा तोंड उघडलं. ताईंनी टेबलावर हात सपाट ठेवला. गप्प बस, याची आमच्यात खूण ठरलेली नव्हती, पण समजली.

"सर," त्या म्हणाल्या, "रिपोर्टचं नंतर बघू. पेपर माझा आहे. मला तो सोडवू द्या. तुमचा हिच्यावर विश्वास नाही ना? मग लेखनिक बदला. मॅडमच वाचतील."

"मी?" देवरे मॅडम दचकल्या.

"तुम्ही. मी उत्तर तोंडाने सांगेन. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. तुम्ही गोल भरा. मग तर झालं?"

केंद्रप्रमुख विचारात पडले. अडचणीच्या वेळी लेखनिक बदलता येतो, ही तरतूद त्यांना ठाऊक होती. त्यांनी मान हलवली. शिपायाला मॅडमच्या खुर्चीत बसवलं आणि मला दाराबाहेरच्या बाकावर.

"आणि थांबवलेला वेळ?" मी विचारलं.

"वेळ वाढवून द्यायचा अधिकार मला नाही."

"घ्यायचा होता?"

"बाहेर बसा, मॅडम."

बाहेर बसले. उकाड्यामुळे दार उघडंच होतं. मी डोळे मिटून घेतले, कारण उघडे ठेवले असते तर मी उठून आत गेले असते.

आणि मग मला ऐकू यायला लागलं. इतकी वर्षं मी वाचते. कुणीतरी वाचतंय आणि मी नुसती ऐकतेय, असं कधी झालंच नव्हतं. आवाज दारातून आला, व्हरांड्यात पसरला, माझ्या अंगावरून गेला. कोरडा मुलूख. पायऱ्या. मॅडमची हिंदी अडखळत होती. त्या दर वाक्याला एक पायरी चुकवत होत्या आणि मी धपकन खाली येत होते. पण उतरत होते. मिटल्या डोळ्यांआड दगड गार होत गेले. वरचं आभाळ थाळीएवढं झालं, मग वाटीएवढं. शाळेच्या अंगणातला सगळा पांढरा उजेड वर कुठेतरी राहिला. तळाला पाणी होतं की नाही ते कळण्याआधी उतारा संपला आणि पर्याय सुरू झाले.

पाणी तिथल्या तिथे आटलं.

एक वाक्य हिंदी, एक इंग्रजी, पुन्हा हिंदी. कुठला पर्याय कुठे संपला याचा पत्ता नाही.

"मॅडम, तिसरा पुन्हा," आतून ताईंचा आवाज.

मॅडमनी वाचलं.

"हा दुसरा झाला."

"अहो, तिसराच आहे... थांबा हं. नाही, दुसराच की."

पुढच्या प्रश्नालाही तेच. त्याच्या पुढच्यालाही. एकदा मॅडम स्वतःवरच चिडल्या. "कसं लक्षात ठेवता हो तुम्ही? मला समोर दिसतंय तरी घोटाळा होतोय."

"घाई करू नका," ताई म्हणाल्या, जणू परीक्षा मॅडमचीच होती. "आरामात वाचा. मी आहे."

मग बराच वेळ नुसतं वाचन. पंख्याची घरघर. फाटकाबाहेरच्या चिंचेवर एक पोपट ओरडून गेला. मला गुंगी आल्यासारखं झालं. आणि त्या गुंगीत मला टकटक ऐकू आली. पंचवटीतल्या खोलीत आहोत आणि ताई समोर बसल्या आहेत असं वाटून मी डोळे उघडले.

बाक शाळेचाच होता. आवाज आतून येत होता. एक ठोका. वाक्य, वाक्य. दोन ठोके. वाक्य, वाक्य. देवरे मॅडम पेनाच्या टोकाने टेबल वाजवत होत्या. मी मान लांब करून पाहिलं. त्यांची नजर पेपरवर खिळलेली. आपला हात काय करतोय याची त्यांना खबरच नव्हती. शिपाई खुर्चीत ताठ बसून आळीपाळीने माझ्याकडे आणि मॅडमकडे बघत होता. तक्रार करावी तर कुणाकडे, असा त्याचा चेहरा.

ताईंनी ओळखलं असणार. बोलल्या काहीच नाहीत. "दुसरा," एवढंच म्हणाल्या. मग "चौथा". मग "पहिला". आता "पुन्हा वाचा" येईनासं झालं. पेपर पाण्यावर सोडलेल्या दिव्यासारखा आपोआप पुढे जाऊ लागला.

पण उशीर झाला होता. शेवटची घंटा झाली तेव्हा शेवटचे उतारे तसेच कोरे राहिले.

केंद्रप्रमुख रिपोर्ट तयार करूनच आले. मलाही आत बोलावलं. खाली देवरे मॅडमची सही हवी होती. प्रत्यक्ष पाहणाऱ्या त्याच.

मॅडमनी कागद वाचला. टेबल वाजवून सांकेतिक देवाणघेवाण, असं काहीसं लिहिलेलं. त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि तशाच थांबल्या. मग हातातल्या पेनाकडे बघितलं.

"सर, मग यात माझंही नाव टाका."

"म्हणजे?"

"शेवटी शेवटी मीच वाजवत होते. त्याशिवाय वाचताच येत नव्हतं मला."

"तुम्ही कशाला वाजवलं?"

"अहो सर, आठ वाक्यं आहेत प्रत्येक प्रश्नाला. तुम्ही बसा आणि वाचून दाखवा. आणि मी काय त्यांना उत्तरं सांगत होते? मला स्वतःलाच येत नव्हती त्यातली निम्मी."

शिपाई हसला आणि लगेच खोकला.

"सर, मॅडमची हिंदी जरा कच्ची आहे," ताई शांतपणे म्हणाल्या, "पण हात प्रामाणिक आहे. सगळे ठोके एकसारखे होते. मी फोनवर काम करते, मला कळतं. प्रणालीचेही एकसारखेच असतात. बाकी तुम्हाला लिहायचं ते लिहा. फक्त मला वाचून दाखवा, त्याशिवाय माझा अंगठा मिळणार नाही. आणि अंगठासुद्धा नाही, मी सही करते."

केंद्रप्रमुखांनी कागद आडवा फाडला आणि दुसऱ्यावर एकच ओळ लिहिली. उमेदवाराच्या विनंतीवरून लेखनिक बदलला. ती ओळ मॅडमनी ताईंना वाचून दाखवली. ताईंनी सही केली.

विनंतीवरून. हा शब्द मला आजही टोचतो. पण ताईंनी माझ्या मनगटावर बोट ठेवलं होतं, आणि खोलीतून त्यांना स्वच्छ बाहेर पडायचं होतं.

फाटकाबाहेर पगारे काका, म्हणजे ताईंचे वडील, डबा घेऊन चिंचेखाली बसले होते.

"जय भीम, पोरी. लय उशीर लावला. कसा गेला पेपर?"

"अर्धा गेला, अर्धा राहिला, बाबा."

"राहूंदे. भाकर खा आधी."

ताई तिथेच पारावर बसल्या. ऊन उतरलं होतं, अंगणाला पुन्हा रंग आला होता. जेवताना त्या मध्येच थांबल्या. "प्रणाली, त्या विहिरीच्या तळाला काय होतं गं?"

"उताऱ्यात तळ आलाच नाही, ताई. मी पण निम्म्यातूनच परत आले."

"हं," त्या म्हणाल्या आणि जेवू लागल्या.

निकाल लागला. त्यांचं नाव नव्हतं. आपण कितीने गेलो ते कळायला सगळ्या परीक्षेचा शेवटचा निकाल लागेपर्यंत थांबावं लागतं. म्हणून ताई नापास झाल्या की केल्या गेल्या, याचं उत्तर माझ्यापाशी अजून नाही. बंदी आली नाही. नोकरी राहिली. वाया गेलेल्या वेळेबद्दल आम्ही अर्ज दिला आहे, उत्तर आलं की पत्रक काढू. ताईंनी पुन्हा फॉर्म भरलाय. देवरे मॅडम एका संध्याकाळी पंचवटीत आल्या, वाचायला शिकायला. अजूनही स्वल्पविराम खातात.

या धंद्यातला धडा कोरडा आहे. सरकारने लेखनिक दिला, जादा वेळ दिला, वेगळी खोली दिली. दोन माणसं एका पेपरावर मिळून काम कसं करतात, हे जाणून घ्यायचं मात्र कुणाच्या ड्यूटीत बसवलं नाही. नियम दारापर्यंत येतो. आत काय चालतं ते त्याला दिसत नाही, आणि दिसत नाही ते त्याला चोरी वाटतं.

म्हणून हे वाचणाऱ्या तुम्हाला सांगते. विनंती नाही करत. तुम्ही शिक्षक असाल, क्लार्क असाल, कधी ना कधी कुठल्यातरी परीक्षेला तुमची ड्यूटी लागेल आणि तुमच्या वाट्याला अशी एक खोली येईल. पेपर हातात द्यायच्या आधी त्या टेबलापाशी जा आणि उमेदवारालाच विचारा, तुम्ही दोघं वाचता कसं? उत्तर पूर्ण ऐका. नाही कळलं तर करून दाखवायला सांगा. त्यानंतर शंका आली तर पेपर संपेपर्यंत थांबा आणि मग खुशाल रिपोर्ट लिहा. पण मध्येच पेपर थांबवू नका. वेळ परत द्यायचा अधिकार तुम्हाला नसेल, तर तो घेऊ नका.